अंदाज कुणाचा धरायचा? मेंदूविज्ञान आणि खरेदीच्या टेबलावरचे निर्णय

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरच्या एका सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यात, तुम्ही खरेदी विभाग सांभाळता. वर अनुभवी मालक, हाताखाली चार खरेदीदार. कंपनीने संभाजीनगरच्या एका हॉटेलातल्या ‘न्यूरो-लीडरशिप’ कार्यशाळेला तुमचं नाव दिलंय. मेंदूविज्ञानाचा व्यवस्थापकाच्या निर्णयाला खरोखर काही उपयोग आहे, की जुन्याच गोष्टींवर नवं लेबल चिकटवलंय, असं तुम्ही विचारता.

उपयोग आहे. फक्त कार्यशाळेत जो सांगतात, तो बहुतेक वेळा नसतो. मी आधी जालन्यात आणि वाळूजला कारखान्यांत काम केलं, आता मराठवाड्यातल्या मालक-चालवत्या कंपन्यांना सल्ला देतो. मेंदूविज्ञानातून मला मिळालेली कामाची गोष्ट एकच : अनुभव आपोआप शहाणं करत नाही. आपण चुकलो हे मेंदूला वेळेवर आणि स्पष्ट कळलं, तरच अनुभव मुरतो. बाकी बरंचसं याच्याच भोवती फिरतं.

आधी फोलपट उडवून टाकू. ‘डावा मेंदू हिशेबी, उजवा कल्पक’ ही स्लाइड तुम्हाला दिसेलच. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये हजाराहून जास्त लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त होतात, हे खरंच आहे. पण ज्याचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा भाग वरचढ आहे, अशी माणसांची जात काही सापडली नाही. ‘आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो’ हीही लोणकढीच. मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असतो आणि ऊर्जा मात्र २० टक्क्यांच्या आसपास खातो. नव्वद टक्के रिकामा ठेवायला इतका खर्च कुठलं शरीर करेल?

यापेक्षा फसवी असते ती रंगीत स्कॅनची स्लाइड. ‘हा भाग पेटला, म्हणजे माणूस घाबरला’, असं वक्ता ठणकावून सांगतो. मेंदूचा एकेक भाग अनेक कामांत भाग घेतो, त्यामुळे भाग पेटला म्हणून अमुक भावना होती असं उलटं अनुमान काढता येत नाही. २००९मध्ये काही संशोधकांनी चक्क मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि आकडेमोडीत आवश्यक दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ दिसते, हे दाखवून दिलं. २०२०मध्ये तर एकाच प्रयोगाची तीच माहिती ७० वेगवेगळ्या गटांना दिली गेली. नऊ प्रश्नांची हो-नाही उत्तरं द्यायची होती. कुठल्याही दोन गटांनी तंतोतंत एकसारखी पद्धत वापरली नाही, आणि काही प्रश्नांवर निष्कर्षही वेगवेगळे आले. हे सगळं या शास्त्रातल्याच लोकांनी खोदून काढलं आणि स्वतः छापलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. स्लाइडवाल्यांवर नाही. येलमधल्या २००८च्या एका प्रयोगात तर कच्च्या स्पष्टीकरणाला मेंदूबद्दलचं एखादं असंबद्ध वाक्य जोडलं की सामान्य वाचकाला ते जास्त पटतं, असं दिसलं. कार्यशाळेची फी त्या वाक्याची असते.

आता पक्क्या गोष्टीकडे येऊ. डोपामाइन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ असं तुम्ही ऐकलं असेल. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात चालू होत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर पेशी दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या आणि रस आल्यावर गप्प राहू लागल्या, कारण रस अपेक्षितच होता. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींचा वेग नेहमीपेक्षा खाली जाई. म्हणजे या पेशी मोजत होत्या तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक. शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७मध्ये हे गणितासकट मांडलं. पुढे २०१७चं ‘ब्रेन प्राइझ’ शुल्त्झ आणि डायन यांना रे डोलन यांच्यासोबत मिळालं.

याचा तुमच्या खरेदीशी संबंध काय? जालन्याच्या एखाद्या सळईच्या कारखान्यात फर्नेसवर उभा असलेला जुना मेल्टर बघा. निळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाकडे बघून तो सांगतो, ‘अजून थोडं तापू द्या.’ लगेच तापमान मोजलं जातं आणि आकडा काही सेकंदांत समोर येतो. नमुना स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, जातो, कार्बन किती, मँगेनीज किती, हे काही मिनिटांत कळतं. एका शिफ्टमध्ये अनेक हीट (भट्टीचे घाणे), दर हीटला अंदाज, दर अंदाजाला लगेच उत्तर. वर्षानुवर्षं हे चाललं की त्याच्या डोळ्यांत जे बसतं त्याला मी आतला आवाज वगैरे म्हणत नाही, ती हजारो वेळा तपासली गेलेली नजर आहे. त्याने ‘थांबा’ म्हटलं तर इंजिनिअरने थांबावं, कारण नंतर विचारावं.

आणि तुमच्याकडे? ऑक्टोबरात तुम्ही ठरवता की माल भरायचा, भाव वाढणार. उत्तर कधी येतं? फेब्रुवारीत, मार्चमध्ये. तोपर्यंत मध्ये ब्राझीलचं पीक, पामतेलावरचं आयात शुल्क, डीओसीची (तेल काढून उरलेल्या पेंडीची) निर्यात, पोल्ट्रीवाल्यांची मागणी, रुपया-डॉलर, एवढं सगळं येऊन गेलेलं असतं. भाव वाढला तर तुमचा अंदाज बरोबर होता की नशीब? पडला तर अंदाज चुकला, की सरकारी निर्णय आडवा आला? मेंदूला इथे फरक मोजायला जागाच मिळत नाही. तरीही त्याला वाटतं की आपण शिकतोय. वीस वर्षांच्या मेल्टरचा आणि वीस वर्षांच्या खरेदीदाराचा आत्मविश्वास बोलण्यात सारखाच ऐकू येतो. त्यामागे किती तपासणी झाली, हे मात्र त्या आवाजावरून कळत नाही.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचं अंतःप्रेरणेवर आयुष्यभर उलटसुलट मत होतं. क्लाइन अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या झटपट निर्णयांचं कौतुक करत आले, कानेमन तज्ज्ञांच्या चुका मोजत आले. २००९मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जमलं : ज्या क्षेत्रात पुरेशी नियमितता आहे, आणि जिथे माणसाला ती शिकायची, परिणाम बघायची संधी मिळाली आहे, तिथे अंदाजावर भर द्यावा. मी नव्या कंपनीत गेलो की आधी एवढंच बघतो, कुठल्या टेबलावर या अटी पुऱ्या होतात. मालातलं मॉइश्चर (ओलावा) आणि माती यांचा अंदाज घेणारा तुमचा यार्डातला माणूस? होतात, त्याच्या हाताशी मीटर आहे. तीन महिन्यांनंतरचा भाव सांगणारा दलाल? नाही. मुलाखतीत पाच मिनिटांत ‘पोरगा कामाचा आहे’ म्हणणारे मालक? नाही, कारण ज्यांना घेतलं नाही त्यांचं पुढे काय झालं हे त्यांना कधीच कळत नाही.

२०२१चा हंगाम तुम्ही पाहिला असेल किंवा ऐकला असेल. ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला १० हजारांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात केंद्राने जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या १२ लाख टन आयातीला मुभा दिली, नवा माल यायला लागला आणि काही आठवड्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. त्या वर्षीचा हमीभाव ३,९५० होता, म्हणजे पडलेला भावही हमीभावाच्या वरच होता. पण डोक्यात १० हजार बसले होते. शेतकऱ्यांनी माल घरात ठेवला, आडत्यांनी गोदामात, आणि काही गिरण्यांनी महाग घेतलेला साठा ‘भाव परत येईल’ म्हणून न विकता धरून ठेवला.

यामागची यंत्रणा ओळखीची आहे. कानेमन आणि अमोस त्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलं की माणूस नफा-तोटा एका संदर्भबिंदूपासून मोजतो, आणि तोटा तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो. २००७च्या एका स्कॅन-अभ्यासात संभाव्य नफ्याला वाढणारा मेंदूचा प्रतिसाद संभाव्य तोट्याला जास्त तीव्रतेने घसरताना दिसला. प्रयोगात माणसं लहान गटातली होती, म्हणून आकड्याला धरून बसू नका, पण वर्तनातलं चित्र अनेकदा दिसलेलं आहे. खरेदीवाल्यासाठी याचा अर्थ असा : ‘मी किती भावाने घेतला’ हा आकडा आज विकायचं की नाही या प्रश्नात मुळातच नको. आजचा पडता काय, म्हणजे आजच्या भावाने हिशेब किती बसतो, तेलाचा आणि डीओसीचा भाव काय, गोदामभाडं आणि व्याज किती, एवढंच हवं. मी दोन ठिकाणी साठ्याच्या रोजच्या पत्रकातून खरेदीभावाचा रकाना काढून टाकायला लावला. अकाउंट्सकडे तो राहतोच. निर्णयाच्या कागदावर नाही. सुरुवातीला आरडाओरडा होतो, पण चर्चा लगेच बदलते.

डिसेंबर २०२१मध्ये बाजार नियंत्रक सेबीने सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, थांबवले आणि मग ती मुदत वाढतच गेली. वायद्याबद्दल मत काहीही असो, पण पुढच्या महिन्यांचा एक जाहीर आकडा रोज डोळ्यांसमोर असायचा, तो गेला. आपला अंदाज कशाशी ताडून बघायचा ती पट्टीच गेली. म्हणून ती पट्टी आता कंपनीच्या आत तयार करावी लागते.

कोलंबिया विद्यापीठातल्या कारिन फोर्डे आणि डाफ्ना शोहामी यांचं २०११चं काम इथे फार कामाचं आहे. परिणाम लगेच कळला तर शिकण्यात मेंदूतला स्ट्रायटम हा भाग पुढे असतो, सवयी बसतात तोच. परिणाम काही सेकंद जरी उशिरा आला, तरी भार हिप्पोकॅम्पसकडे सरकतो, म्हणजे घटना आठवून ठेवणाऱ्या भागाकडे. प्रयोगातला उशीर सेकंदांचा होता आणि तुमचा महिन्यांचा आहे, त्यामुळे हे थेट लागू होतं असं मी म्हणणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. उशिरा येणाऱ्या परिणामातून शिकायचं तर आठवणीवर विसंबावं लागतं, आणि आठवण बेभरवशाची. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२च्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज लिहून घेतले होते. दौऱ्यांनंतर त्याच लोकांना आपले अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं त्याची शक्यता आपण जास्तच धरली होती, असं लोकांना वाटू लागलं होतं. आपल्याकडे हे रोज चालतं : ‘मी तर तेव्हाच म्हणालो होतो.’

म्हणून माझं औषध अगदी बिनझगमगाटाचं आहे, एक वही. मोठा सौदा करण्याआधी तारीख, माल, भाव, ‘पंधरा जानेवारीला भाव अमुक ते अमुक दरम्यान असेल’ असा पल्ला, त्यामागची दोन कारणं, आणि काय घडलं तर मी मत बदलेन ते. एवढं अर्ध्या पानात मावतं. ‘तेजी राहील’ असं लिहिलेलं चालत नाही, कारण ते कधी चुकतच नाही. ठरलेल्या तारखेला वही उघडायची आणि प्रत्यक्ष भाव शेजारी लिहायचा. पैसे मिळाले की बुडाले हे तिथे बघायचं नाही. भाव पल्ल्यात होता का आणि दिलेली कारणं खरी ठरली का, एवढंच बघायचं. चुकीच्या कारणाने फायदा झालेला सौदा सगळ्यात घातक, कारण तो पुन्हा केला जातो आणि पुढच्या वेळी मोठ्या प्रमाणात. अंतर कमी करायला मधले टप्पेही लिहा : पंधरा दिवसांनी आवक किती असेल, डीओसीचा भाव किती. लहान अंदाज, लवकर उत्तर. मेल्टरची स्थिती तुम्हाला पूर्ण मिळणार नाही, पण तिच्या थोडं जवळ जाता येतं.

भावना बाजूला ठेवून निर्णय घ्या, असं कार्यशाळेत सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञ अँटोनियो दमासियो यांच्याकडे असे रुग्ण होते ज्यांच्या कपाळामागच्या भागाच्या खालच्या, मधल्या बाजूला इजा होती. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, हिशेब बरोबर, आणि तरी पुढच्या भेटीची तारीख ठरवायची तर एकजण बराच वेळ दोन्ही बाजूंची कारणं मांडत बसला. भावनेचा काटा नसला की पर्यायांना वजनच येत नाही. तोट्याचा गड्डा कुठला हे मनाआधी शरीराला कळतं, असं सांगणाऱ्या त्यांच्या पत्त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगावर नंतर आक्षेपही आलेत, की खेळणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जाणीवपूर्वक कळत होतं. तरी मूळ मुद्दा टिकतो. एखाद्या आडत्याशी व्यवहार करताना तुम्हाला खटकतंय तर ते दाबू नका. ‘खटकतंय’ असंच वहीत लिहा, आणि नंतर बघा की तुमचं खटकणं किती वेळा खरं निघतं.

शरीराचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. हंगामात तुम्ही पहाटे पाचला उठता, यार्डात गाड्यांची रांग, मॉइश्चरच्या कटतीवरून वाद, आणि रात्री दहाला दलालाचा फोन : ‘आत्ताच सांगा साहेब, नाहीतर माल सोलापूरला जातोय.’ पाच ते दहा म्हणजे १७ तासांचं जागरण. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७मध्ये दाखवलं की १७ तासांच्या जागरणाने हात-डोळ्याच्या कामात होणारी घसरण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी असते. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. सिंगापूरमध्ये झालेल्या २०११च्या एका अभ्यासात रात्रभर जागलेल्या लोकांचा कल तोटा टाळण्याकडून नफ्याच्या मागे जाण्याकडे झुकला. दलालाला हे शास्त्र माहीत नाही, फोन कधी करायचा ते बरोबर माहीत आहे. रात्री आठनंतर ठरावीक टनांच्या वरचा सौदा पक्का करायचा नाही, असा लेखी नियम मालकांच्या सहीने करून घ्या. सही त्यांची असली की तुम्हाला दलालाला नाही म्हणणं सोपं जातं.

उलटी बाजूही आहे. केंब्रिजच्या जॉन कोट्स आणि जो हर्बर्ट यांनी २००८मध्ये लंडनच्या ट्रेडर्सचे नमुने घेतले, तेव्हा बाजाराची अस्थिरता वाढेल तसं त्यांच्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढत होतं. २०१४मध्ये त्याच गटाने स्वयंसेवकांचं कॉर्टिसॉल आठ दिवस वाढवून ठेवलं, तर ती माणसं जोखमीपासून जास्त लांब पळू लागली. म्हणजे आठवडाभराच्या पडझडीनंतर ‘आता काहीच घेऊ नये’ असं वाटतं, त्यात बाजाराचं वाचन किती आणि थकलेलं शरीर किती, हे आतून ओळखता येत नाही. साठ्याच्या वरच्या-खालच्या मर्यादा हंगामाआधी, शांतपणे ठरवायच्या त्या याचसाठी.

(उपाशी न्यायाधीश पॅरोल नाकारतात, अशी गोष्ट तुम्हाला तिथे हमखास ऐकवतील. इस्रायलमधल्या पॅरोलच्या प्रकरणांचा तो २०११चा अभ्यास. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटी येत होती, असा आक्षेप त्याच वर्षी छापून आला. ऐका, आणि चहा घ्या.)

आता तुमची खरी अडचण, मालक. सकाळच्या बैठकीत ते आधी बोलतात, मग चारही खरेदीदारांचं मत तेच निघतं. एमरी विद्यापीठातल्या ग्रेगरी बर्न्स यांच्या २००५च्या प्रयोगात गटाच्या चुकीच्या उत्तरामागे जाणाऱ्यांच्या मेंदूत बदल दिसला तो आकार ओळखण्याशी संबंधित भागांत, आणि एकटं वेगळं उत्तर देणाऱ्यांमध्ये अमिग्डाला, म्हणजे भावनांशी जोडलेला भाग, जास्त चालू दिसला. मघाशी दिलेला इशारा इथेही लावा, पेटलेल्या भागावरून फार अर्थ काढू नका. पण तुमचे खरेदीदार भित्रे किंवा लबाड आहेत असं समजायची गरज नाही. वरिष्ठाचा आकडा ऐकल्यावर स्वतःचा आकडा कदाचित खरोखरच वेगळा दिसायला लागतो.

यावर भाषण देऊन उपयोग नाही. बैठकीआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला भाव लिहून अकाउंटंटकडे द्यायचा, सगळ्यात कनिष्ठाची चिठ्ठी आधी वाचायची, मालकांची शेवटी. आकड्यांत मोठा फरक पडला तर त्यावरच बोलायचं. निलंग्याकडून येणारा पोरगा २०० रुपये खाली का धरतोय? बहुतेकदा त्याने शेतात काहीतरी पाहिलेलं असतं, जे त्याने तोंडाने सांगितलं नसतं.

मालक चिठ्ठी लिहायला तयार होणार नाहीत, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षं बाजार पाहिलेल्या माणसाला ‘तुमचा अंदाज तपासू’ म्हणणं म्हणजे अपमान. मी हे असं करतो : पहिले दीड-दोन महिने वहीत फक्त स्वतःचे अंदाज लिहायचे, चुकलेले लाल शाईत. मग वही त्यांच्यापुढे ठेवायची, काही न बोलता. बहुतेक मालक पानं उलटतात, एक-दोन ठिकाणी हसतात आणि म्हणतात, ‘इथं मी असतो तर अमुक धरलं असतं.’ तेवढ्यात विचारायचं, ‘मग पुढच्या पानावर तुमचा आकडा किती लिहू?’

कार्यशाळेला जा, पैसे कंपनीचे आहेत. वक्त्याला एकच विचारा : तुम्ही सांगता त्यातलं काय केल्यावर, किती दिवसांनी, कुठल्या आकड्यावरून आम्हाला कळेल की ते चाललं नाही? त्याच्याकडे उत्तर असलं तर वहीत लिहून घ्या. नव्या मालाची आवक सुरू व्हायच्या आत ती आखून झालेली हवी, एकदा गाड्या लागल्या की रेघा मारायलाही वेळ मिळत नाही.